नवा कार्बोरेटर, जुना पोलादी पाईप आणि दीड फेऱ्यात अडकलेला एल्बो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरची जुनी पेट्रोल जीप, महिंद्राची, हरिकेन इंजिनाची. जुना कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्पिंडलपाशी, म्हणजे थ्रॉटलचा दांडा फिरतो तिथे, झिजून हवा ओढायला लागला, म्हणून बाजारातून नवा बदली कार्बोरेटर आणलात. तो इंजिनाच्या हेडवर व्यवस्थित बसला. पण पंपाकडून वर येणारा ८ मिमीचा पोलादी पाईप ज्या पितळी एल्बोला (काटकोनी जोडाला) लागतो, तो एल्बो नव्या कार्बोरेटरच्या तोंडात दीड फेरा फिरतो आणि अडकतो. इंदूरमध्ये तीन मिस्त्र्यांना विचारलंत. एक म्हणाला, टेफ्लॉन गुंडाळा आणि पान्यानं आवळा, जाईल. दुसरा म्हणाला, टॅप (भोकात आटे, म्हणजे पेच, पाडायचं हत्यार) मारून नवे आटे पाडू. तिसरा म्हणाला, पाईप कापा, रबरी नळी चढवा, दोन क्लिपा मारा, दहा मिनिटांचं काम.

तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. पाईप कापू नका आणि कार्बोरेटरला टॅपही लावू नका. एल्बो आणि कार्बोरेटर यांच्या मधे एक छोटा पितळी अडॅप्टर लेथवर करून घ्या. काम एवढंच आहे, पण ते का आणि कसं हे समजून केलंत तर गळणार नाही. आणि पेट्रोलच्या जोडाच्या बाबतीत "थोडंसं गळतंय, चालेल" असं काही नसतं. या इंजिनात पंप, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग) तिन्ही डावीकडे आहेत. जोडातून पडलेला थेंब जातो तो तापलेल्या बिडावर.

तुमच्याकडे एक नाही, दोन जोड आहेत, आणि दोघांची पेट्रोल अडवण्याची पद्धत वेगळी आहे. पाईप आणि एल्बो यांच्यातला जोड फ्लेअरचा. पाईपाचं तोंड फुलवलेलं असतं, एल्बोच्या आत तळाशी एक शंकूसारखी बैठक असते, आणि नट ते फुललेलं तोंड त्या बैठकीवर दाबून धरतो. इथे पेट्रोल अडतं ते बैठकीवर. आटे फक्त दाब देतात. दुसरा जोड एल्बो आणि कार्बोरेटर यांच्यातला. तिथे जुन्या अमेरिकन घाटणीत निमुळते आटे असतात, आणि तिथे आटे स्वतःच एकमेकांत रुतून पेट्रोल अडवतात. पहिला जोड तुमच्याकडे शाबूत आहे. बिघडलाय तो दुसरा. म्हणून पाईप कापण्याचा प्रश्नच येत नाही.

आता दीड फेऱ्यात अडकणं म्हणजे काय, ते बघू. एल्बोवरचे आटे बहुधा १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते पाईप-आटे, आहेत. नावात १/८ असलं तरी बाहेरचा व्यास भरतो साधारण १०.३ मिमी, आणि एका इंचात २७ आटे. आपल्याकडे पाईपाचे म्हणून जे आटे सर्रास मिळतात ते १/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. त्यांचा व्यास ९.७ मिमी, इंचात २८ आटे. शिवाय आट्यांचा कोन वेगळा, एनपीटीचा ६० अंश आणि बीएसपीचा ५५. तिसरा उमेदवार एम १० बाय १, म्हणजे १० मिमी व्यास आणि दर मिलिमीटरला एक आटा. हे तिघं टेबलावर शेजारी ठेवले तर चांगल्या कारागिरालाही नुसत्या नजरेनं सांगता येत नाहीत. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात थोडं शिरतंही, आणि म्हणूनच फसवणूक होते. एक-दीड फेरा गेला की माणसाला वाटतं आटे तेच आहेत, जरा घट्ट आहेत इतकंच. प्रत्यक्षात आटे एकमेकांवर चढायला लागलेले असतात.

नव्या कार्बोरेटरच्या तोंडाचे आटे कोणते हे ओळखायला महागडं हत्यार नको. आजकालच्या पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक पाईपाचे नट एम १० बाय १ असतात. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कुठल्याही ब्रेकवाल्याकडे असा एक नट मागा. कार्बोरेटर हातात घेऊन तो नट नुसत्या बोटांनी फिरवा. खाली जाईपर्यंत सारखा, हलका फिरला आणि वर धरून हलवल्यावर खडखडला नाही, तर आटे एम १० बाय १. खडखडलं किंवा मधेच अडलं, तर तो नाही. मग १/८ बीएसपीचं सरळ आट्यांचं काहीतरी घेऊन तीच परीक्षा करा. ग्रीस निपल घेणार असाल तर दुकानदाराला आटे विचारूनच घ्या, कारण ग्रीस निपल दोन्ही आट्यांत येतात आणि डब्यात एकत्र पडलेले असतात. बीएसपीचा तुकडा एम १० च्या भोकात सैल जातो, लुकलुकतो. तो गेला म्हणून जुळला असं धरू नका. तुमच्या वर्णनावरून, आणि असे बदली कार्बोरेटर पाहिले आहेत त्यावरून, मला एम १० बाय १ चा संशय जास्त आहे. तरी लेथवाल्याकडे जाण्याआधी परीक्षा कराच.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. काही कार्बोरेटरांच्या तोंडात पितळेची बुश वेगळी बसवलेली असते, षटकोनी डोक्याची. नव्याला तशी असेल तर ती काढा आणि जुन्या कार्बोरेटरची बुश तिथे बोटांनी लावून पाहा. गेली तर सगळा प्रश्नच मिटला. मात्र बुशच्या पोटातच नीडल व्हॉल्व्हची (वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईची) सीट असेल, तर जुनी झिजलेली सीट नव्यात घालू नका.

दुसऱ्या मिस्त्र्यानं सुचवलेला टॅप मला का मान्य नाही, ते सांगतो. कार्बोरेटरचं झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. त्या तोंडाभोवती धातू फार नसतो. एम १० बाय १ चं भोक आतून साधारण ८.९ मिमी असतं, आणि १/८ एनपीटीच्या टॅपला लागणारं भोक त्याहून लहान. म्हणजे नवे आटे पडतील ते वरवरचे, जुन्यांना छेदून गेलेले. वर त्यात निमुळता एल्बो आवळायचा, म्हणजे ओंडक्यात पाचर ठोकल्यासारखं. ओतीव धातू ताणाखाली लगेच तडकेल असं नाही. बऱ्याचदा तो गाडी चार दिवस चालल्यावर, तापून-निवून, केसाएवढ्या रेषेत उलतो. नवा कार्बोरेटर गेला. शिवाय टॅपचा कीस सरळ नीडल व्हॉल्व्हवर पडतो आणि मग ओव्हरफ्लोचं दुखणं मागे लागतं.

टेफ्लॉनचंही तसंच. टेफ्लॉन पेट्रोलमध्ये विरघळत नाही, ती तक्रार नाही. तक्रार दोन. चुकीच्या आट्यांना टेफ्लॉन बरोबर करत नाही, फक्त फसवणूक झाकतं. आणि आट्यांच्या टोकाला त्याचे तंतू सुटतात, ते पेट्रोलबरोबर आत जाऊन नीडलच्या सीटवर बसतात. नीडल पूर्ण बंद होत नाही, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंग्याची) वाटी भरून वाहते. फ्लेअरच्या नटावर तर टेफ्लॉन कधीच नाही. तिथे आट्यांवर काही अडायचंच नसतं, उलट आट्यांत जाडी भरल्यामुळे नट बैठकीपर्यंत पूर्ण दाब देत नाही. निमुळत्या आट्यांना पेट्रोल सहन करणारं पातळ थ्रेड सीलंट मिळतं, ते लावा. पहिले दोन आटे कोरडे ठेवा.

आता अडॅप्टर. पोलोग्राऊंड किंवा सांवेर रोडच्या औद्योगिक भागात, किंवा ओळखीच्या कुठल्याही लेथवाल्याकडे, पितळी षटकोनी बार घेऊन जा. १६ मिमीचा पुरे. त्याला एवढं सांगा: एका बाजूला कार्बोरेटरच्या तोंडाला जुळणारे सरळ आटे, लांबी तोंडाच्या खोलीपेक्षा थोडी कमी, म्हणजे टोक तळाला टेकणार नाही. आट्यांच्या मुळाशी सपाट खांदा, नीट काटकोनात कातलेला. दुसऱ्या बाजूला आत १/८ एनपीटीचे निमुळते आटे, तुमचा एल्बो ज्यात बसेल. आरपार भोक ५ ते ५.५ मिमी. भोक मोठं करायचा मोह नको, आट्यांच्या बाजूची भिंत पातळ होते. आणि पेट्रोल कमी पडेल ही भीतीही नको. पुढे नीडल व्हॉल्व्हच्या सीटचं भोक याच्याहून कितीतरी बारीक असतं, आणि हरिकेनचं २.२ लिटरचं इंजिन त्यातूनच पोसलं जातं. लेथवाल्याकडे एनपीटीचा टॅप आहे का हे आधी विचारा. "बीएसपीचा मारतो, एकच असतं" म्हणाला तर दुसरीकडे जा. एल्बो बरोबर न्या आणि तिथेच लावून बघा. निमुळता एल्बो हातानं तीन-चार फेरे जाऊन घट्ट व्हायला हवा.

खांदा आणि कार्बोरेटर यांच्यामधे तांब्याचा वायसर. सरळ आट्यांच्या जोडात पेट्रोल अडवायचं काम हा वायसर करतो. कार्बोरेटरच्या तोंडाची कड सपाट आहे ना ते बघा. ओतकामाची रेघ वर आलेली असेल तर वायसर काही करू शकणार नाही. बारीक कानशीनं रेघ साफ करा, पण भोकात ग्रीस लावलेल्या कापडाचा बोळा घालून. वायसर नवाच घ्या. जुनाच वापरायचा असेल तर लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं.

जोडणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक गळती इथूनच सुरू होते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड हवं. गाडी खड्ड्यावर घेऊ नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. जवळ पावडरचं अग्निशामक ठेवा.

एल्बो अडॅप्टरमध्ये आणि अडॅप्टर कार्बोरेटरमध्ये बसवायचं काम कार्बोरेटर टेबलावर असतानाच करा. एल्बोचं तोंड शेवटी पाईपाच्या दिशेला यायला हवं. निमुळत्या आट्यात हाताच्या घट्टपणानंतर दीड-दोन फेरे जातात, त्या अंदाजानं दिशा जुळवा. दिशा पुढे निघून गेली तर उलट फिरवून मागे आणू नका. निमुळता जोड मागे घेतला की गळतो. सोडवा, साफ करा, पुन्हा सीलंट लावून बसवा.

अडॅप्टरमुळे एल्बो पूर्वीच्या जागेवरून १५-२० मिमी सरकणार. म्हणजे जुना पाईप आता तोंडाशी येणार नाही. या कामाचं सगळं मर्म इथे आहे. पाईप आपल्या आपण एल्बोच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला पाहिजे. नटानं पाईप ओढून आणायचा नाही. नटाच्या जोरावर ओढलेला पाईप जोडला जातो, गळतही नाही, पण त्यात ताण भरून राहतो. इंजिनाच्या कंपनानं तो ताण फ्लेअरच्या मानेवर जिरतो आणि एक दिवस मानेपाशी बारीक चीर पडते. ती चीर नटाच्या आड असते, दिसत नाही. लोक नट आवळत बसतात.

म्हणून पाईप दोन्हीकडून सोडवा आणि हातात घेऊन वळवा. ८ मिमीचा पोलादी पाईप बेंडरनं वळवावा. बेंडर नसेल तर स्प्रिंग घालून, अंगठ्यांनी, थोडं थोडं. गुडघ्यावर मोडू नका, चपटा होतो. वळणाची त्रिज्या पाईपाच्या व्यासाच्या तिपटीच्या आत आणू नका, आणि नटाच्या मागे थोडा भाग सरळ राहू द्या, नाहीतर नट मागेपुढे सरकणार नाही. पंपाजवळचं वळण थोडं उघडून आणि वरचं थोडं मिटवून १५-२० मिमी सहज मिळतात. नाहीच मिळाले, किंवा जुना पाईप गंजून आत लाल झाला असेल, तर नवा बंडी पाईप (ब्रेकसाठी मिळतो तसा पोलादी पाईप) घ्या आणि दोन्ही टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे कड आत दुमडून फुलवलेलं तोंड, करून घ्या. कापताना ट्यूब कटर, हॅक्सॉ नाही. आतली कड रीमरनं साफ. आणि फ्लेअर मारण्याआधी नट पाईपात ओवला आहे ना ते बघा. एकेरी फ्लेअर पोलादी पाईपाला नको, कडेला चिरतो. कोन ४५ अंशांचाच हवा. हायड्रॉलिकवाल्यांकडचा फ्लेअर ३७ अंशांचा असतो, तो या बैठकीवर नीट टेकत नाही.

तांब्याचा पाईप लावा असं कोणी म्हणेल, कारण तो हातानं वळतो. नको. तांबं कंपनानं कडक होऊन तडकतं, शिवाय तांब्याच्या संगतीत पेट्रोल लवकर चिकट होतं. हातानं वळणाराच हवा असेल तर क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेल मिश्रधातूचा) पाईप घ्या, तो या दोन्हीत सुरक्षित आहे.

आता बसवणी. कार्बोरेटर इंजिनाच्या हेडवर ठेवा, पण त्याचे नट सैल ठेवा. पाईपाचे दोन्ही नट बोटांनी सुरू करा. सुरू करताना नट आधी उलट फिरवा, आटा टप्पकन खाली उतरल्याचं बोटांना जाणवेल, मग सरळ फिरवा. दोन्ही नट पान्याशिवाय शेवटपर्यंत गेले पाहिजेत. नाही गेले तर पाईप अजून वळवायचा आहे. गेले की कार्बोरेटरचे नट आवळा, मग पाईपाचे. पाईपाचा नट आवळताना दुसऱ्या पान्यानं एल्बो धरून ठेवायचाच. नाहीतर सगळा पीळ कार्बोरेटरच्या ओतीव तोंडावर जातो. हाताच्या घट्टपणानंतर साधारण पाव फेरा पुरतो. नटाला फ्लेअर नटचा पाना लावा, साध्या पान्यानं कोपरे गोल होतात.

पाईपाच्या मधोमध एक क्लिप हवी. बहुतेक जुन्या जीपांची मूळ क्लिप केव्हाच हरवलेली असते आणि पाईप अधांतरी थरथरत असतो. रबर लावलेली क्लिप घेऊन जवळच्या एखाद्या बोल्टला बांधा. एक्झॉस्टपासून पाईप दोन-तीन बोटं तरी लांब ठेवा. उन्हाळ्यात इंदूरजवळचा भेरूघाट चढताना जीप श्वास कोंडल्यासारखी थांबते, बोनेट उघडून अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू होते. असं होत असेल तर पाईपातल्या पेट्रोलची वाफ होते आहे. पाईप आणि मॅनिफोल्डच्या मधे पत्र्याची आड लावा, आणि कार्बोरेटरच्या खालची जाड इन्सुलेटर पॅकिंग नव्याबरोबर आली आहे का ते बघा. आली नसेल तर जुनीच, साफ करून, वापरा.

रबरी नळीबद्दल माझा राग नाही. टाकीकडून पंपापर्यंत ती हवीच, कारण एका बाजूला चॅसिस आणि दुसऱ्या बाजूला हलणारं इंजिन. पण पंप आणि कार्बोरेटर दोन्ही इंजिनावरच आहेत, एकत्र हलतात. तिथे पोलादी पाईपच शोभतो. कोणाच्या नव्या कार्बोरेटरला आटेच नसतील, नुसतं निपल असेल, तर नळीला पर्याय नाही. तेव्हा पाईपाच्या टोकाला फुगवटा काढून घ्या. नुसत्या कापलेल्या टोकावरून नळी क्लिपेसकट निसटते. नळी पाईपावर इंचभर चढवा, उघडा भाग शक्य तितका छोटा ठेवा. आणि नळी भारीतली घ्या. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. साधी काळी नळी त्यात फुगते, मग कडक होऊन तडकते. अंगावर जे ३० आर ९ छापलेली, आतून फ्लोरोइलास्टोमरचं (पेट्रोल-इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचं) अस्तर असलेली नळी मागा. क्लिपही गोल कडेची घ्या. खाचांची क्लिप नळीला चावते.

शेवटी चाचणी. पंपाला हातानं मारायचा दांडा असेल तर तो मारून वाटी भरा. नसेल तर कॉइलची तार काढून, बॅटरी जोडून, स्टार्टर थोडा थोडा फिरवा. जोडांखाली पांढरा कागद धरा. पंपाचा दाब पाच पीएसआयच्या आतलाच असतो, त्यामुळे गळती फवाऱ्यासारखी दिसत नाही, ओलसर कडेसारखी दिसते. कोरडं असेल तर इंजिन चालू करा, पूर्ण तापू द्या, बंद करा, पुन्हा कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत एकदा. एखादा फ्लेअर ओलावला तर नट आणखी आवळण्याआधी सोडवून बैठक बघा, कचऱ्याचा कण किंवा ओरखडा सापडेल.

आणि सगळे जोड कोरडे असूनही पेट्रोलचा वास येत असेल, कार्बोरेटरच्या घशातून थेंब पडत असतील, तर जोडाला दोष देऊ नका. झाकण उघडून फ्लोटची पातळी आणि नीडल बघा. बदली कार्बोरेटरात फ्लोट अंदाजानं वाकवलेला असणं नवीन नाही.